नखाच्या दोन खुणा

४ मार्च, मंगळवार

आज व्हिडिओत माझा डावा कान आला. तीन वर्षांत हे चौथ्यांदा. एरवी मी म्हणजे दोन हात, एक पोटरी आणि पाठमोरं डोकं.

तासाच्या शेवटी व्हिडिओ काढायचा हा आमच्या पोल डान्सच्या स्टुडिओचा नेम. तो झाल्याशिवाय कोणी घोटभर पाणीही पीत नाही. आरशाजवळच्या पोलवर एकेकीनं चढायचं, बाकीच्यांनी खाली बसून टाळ्या वाजवायच्या आणि "वा! बोटं ताण! अजून ताण!" असं ओरडायचं. ये-रिमची पाळी आली की टाळ्या जास्त वाजतात. वाजणारच. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी असणारी तेहेतीस वर्षांची बाई, पण अंगात हाडं आहेत की नाहीत असा प्रश्न पडतो.

आमची जोडी आहे. ती उडणारी, मी धरणारी. वीस वर्षं आईच्या लाँड्रीत इस्त्री दाबून माझे दंड झालेत ते असे. मी पोलवर वर, मांड्यांच्या कात्रीत पोल धरून. ती माझ्याखाली उलटी, मागचा पाय पोलला अडकवलेला. पुढचा पाय मी टाचेला धरून ओढत न्यायचा, गुडघा न वाकवता, थेट तिच्या नाकाशी. तिचा एक हात माझ्या मनगटाला. लोक श्वास रोखून बघतात.

अशी घडी झाल्यावर छाती दबते, त्यात गाणं मोठ्यानं चालू असतं. तिच्या तोंडून आवाज फुटत नाही. म्हणून आमच्या दोघींत एक खूण आहे. माझ्या मनगटात अंगठ्याचं नख दोनदा रुतवलं की "बस, सोड." मी त्या क्षणी सोडते. हे तिसऱ्या कोणाला माहीत नाही, शिकवणाऱ्या बांग मॅडमनाही नाही. मनगटावर दोन चंद्रकोरी उठतात. दुसऱ्या दिवशी शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवताना त्या दिसल्या की बरं वाटतं.

आधी ती मला "मालकीणबाई" म्हणायची, सगळी गिऱ्हाइकं म्हणतात तसं. ज्या दिवशी "ओन्नी", म्हणजे ताई, म्हणाली आणि अगंतुगं करायला लागली, त्या दिवशी मला शेहेचाळिसाव्या वर्षी धाकटी बहीण मिळाली. जून महिन्यात स्टुडिओचा कार्यक्रम आहे. शेवटचा नाच आमचा.

११ मार्च

डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर कोंबडीचे पाय.

व्हिडिओ छान झाला होता. ये-रिम म्हणाली, "ओन्नी, परत एकदा. केस तोंडावर आले." परत केला. "ओन्नी, शेवटचं. आता पाय अर्धवट दिसतोय." तिसऱ्या वेळी उजव्या खांद्यात जुनी चादर फाटावी तसा आवाज झाला. पण मी तिला टाकलं नाही. त्याच हातानं, इंच इंच करत, गादीवर उतरवलं आणि मग मी पडले.

ती उठून बसली आणि म्हणाली, "आला का व्हिडिओ?"

घाबरल्यावर माणूस काहीही बोलतो.

१४ मार्च

खांद्याचा स्नायू अर्ध्याहून जास्त फाटलाय. डॉक्टर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल. फोटोवर पेन ठेवून म्हणाला, "या वयात पोल डान्स?" मी म्हटलं, "या वयात इस्त्रीसुद्धा." तो हसला नाही. हात झोळीत, त्यानंतर व्यायाम. निदान पाच महिने वजन उचलायचं नाही.

पाच महिने म्हणजे ऑगस्ट. कार्यक्रम जूनमध्ये. मी बोटांवर दोनदा मोजलं.

१६ मार्च

ये-रिम दुकानात आली! शिंपल्यांची पेज घेऊन, डबा अजून गरम होता. माझ्या झोळीकडे बघून हसली. पूर्वी सगळ्यांना सांगायची, "ओन्नी म्हणजे माझा दुसरा खांब, हिला गंज लागत नाही." आज म्हणाली, "लागलाच की गं शेवटी." मीही हसले. खांदा हलला, डोळ्यांत पाणी आलं.

"तू सावकाश बरी हो. घाई करू नकोस अजिबात."

"पण जूनचं काय?"

"बघू की. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

जाताना उंटाच्या रंगाचा लांब कोट देऊन गेली, कॉलरला पावडरचे डाग. "ओन्नी, हा तेवढा धुवून ठेव. थंडी पडली की नेईन." डाव्या हातानं डाग काढायला दीड तास लागला. कोट दारामागच्या पहिल्या आकड्याला लावलाय. कोट इथं आहे म्हणजे ती येणार.

२७ मार्च, गुरुवार

सोळा दिवस. माझा खांदा फाटून सोळा दिवस झाले आणि ये-रिमनं नव्या मुलीबरोबर व्हिडिओ टाकला. आमचीच कसरत. मुलीचं तोंड दिसत नाही, दोन हात आणि पाठमोरं डोकं. खाली लिहिलंय: "नवा खांब! गंजरोधक!" सगळ्यांनी हसणारी तोंडं टाकलीत. मीही एक टाकलं. न टाकलं असतं तर लोकांना वाटलं असतं मला लागलं म्हणून.

मला लागलं. इथं लिहायला काय हरकत आहे? मला फार लागलं.

१ एप्रिल

बांग मॅडमचा फोन. "ग्योंग-रान, एक विनंती. ये-रिमचं अंग तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. त्या नव्या ना-ग्योलला शिकवशील का? शक्ती भरपूर आहे पोरीत, पण समज तुझी हवी."

मी म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवायच्या आधीच हो म्हटलं होतं खरं तर.

३ एप्रिल

ना-ग्योल सत्तावीस वर्षांची. शाळेत असताना वजन उचलायची, जिल्ह्यात दुसरी आली होती. मान माझ्या मांडीएवढी. मला बघितल्यावर कमरेत वाकून नमस्कार केला, माझी पिशवी घेतली, माझे बूट सरळ करून ठेवले. पहिल्या पाच मिनिटांत मला ती आवडायला लागली. त्याचाच राग आला.

२४ एप्रिल

सहा तास शिकवून झाले. काय काय दिलं ते लिहून ठेवते, उद्या कोणी म्हणायला नको. तासाच्या आदल्या रात्रीपासून अंगाला क्रीम लावायचं नाही, नाहीतर पोलवरून साबणासारखी घसरशील. ये-रिमच्या डाव्या घोट्याला घाम येतो, तो आधी अल्कोहोलच्या फडक्यानं पुसायचा. चिकट द्रव तिच्या गुडघ्यामागे लावायचा, तळव्याला नाही. पाय टाचेला धरून ओढायचा, पोटरीला कधीच नाही. पाचव्या आकड्याला ती श्वास धरते, सहाव्याला अंग सैल पडतं, तेव्हा पाय पुढे न्यायचा. उतरताना आधी तिचं डोकं बघायचं.

तीन वर्षांची कमाई पोरीच्या पदरात टाकली. हातचं काही राखलं नाही.

माझा हात आता खांद्याइतका वर जातो. रबरी पट्टा दाराच्या मुठीला बांधून दिवसातून तीनदा ओढते. ये-रिमला कळवलं. तिनं अंगठा पाठवला.

८ मे, गुरुवार

सराव चालू असताना ना-ग्योल वरून म्हणाली, "ओन्नी, ही माझ्या मनगटात नख टोचतेय. काही सांगतेय का?"

मी आकडे मोजत होते. म्हटलं, "घाबरते ती. तू धर घट्ट." पाच, सहा, सात.

ये-रिम खाली उतरली, मांडी चोळत म्हणाली, "आज जरा जास्त वेळ धरलंस हं." ना-ग्योलनं तीनदा माफी मागितली.

घरी येताना बसमध्ये लक्षात आलं, सांगायला हवं होतं. डोक्यात आकडे होते ना. मंगळवारी सांगेन.

१५ मे

मंगळवारी राहून गेलं. आजही राहिलं.

आज तासानंतर सगळ्या तिखट तोकबोक्की खायला गेलो. फोटो काढायचा म्हणून प्रत्येकीनं आपली पिशवी माझ्या डाव्या खांद्यावर अडकवली. ये-रिम म्हणाली, "बघा, आमच्या खांबाची खुंटी झाली." टेबलावर एवढं हसू झालं की दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला. ना-ग्योल तेवढी हसली नाही. उठली आणि एकेक पिशवी माझ्या खांद्यावरून काढून घेतली. दया करतेय माझ्यावर. हसली असती तर परवडलं असतं.

फोटोत मी नाही. तो मीच काढला.

२९ मे

ये-रिम आरशासमोर केस बांधत होती. सहज विचारावं तसं म्हणाली, "ओन्नी, तिला सगळं शिकवलंस ना? आपली खूणसुद्धा?"

"सगळं."

"मग काळजी नाही. हल्ली माझी मांडी जरा धरल्यासारखी वाटते. कार्यक्रमात लागलीच तर." आणि माझ्या गालाला हात लावला. तिचे हात नेहमी थंड असतात.

आपली खूण म्हणाली. आपली. ती आता तिसऱ्या माणसाला द्यायची, जुनं हँगर द्यावं तशी, आणि तिला त्यात काही वाटत नाही. अजून तीन आठवडे आहेत. सांगेन.

१२ जून

आज सांगणारच होते. ना-ग्योल जिन्याशी बसून बूट घालत होती, आसपास कोणी नव्हतं. मी तोंड उघडलं. ती वर बघायला लागली, वासरासारखी. मी म्हटलं, "नाडी नीट बांध, पडशील."

१९ जून

रंगीत तालीम. पाय नाकाला लागला. खुणेची गरजच पडली नाही. उगाच मी एवढा विचार करत होते. शेवटच्या घटकेला नवीन काही सांगितलं तर पोर बिचारी गोंधळेल. बांग मॅडम स्वतःच म्हणतात, कार्यक्रमाच्या आधी काही बदलू नये.

२१ जून, शनिवार

झालं ते लिहून टाकते.

कार्यक्रमाला साठ-सत्तर माणसं. ये-रिमची आई पुढच्या रांगेत, मांडीवर फुलं. मी बाजूला, फडकं आणि बाटली घेऊन. पोल पुसायचं काम माझ्याकडे होतं. पोल मी नीट पुसला होता. दोनदा. तो अगदी कोरडा होता, हे कोणालाही विचारा.

गाणं शेवटाला आलं. ना-ग्योलनं पाय ओढायला सुरुवात केली. पाच, सहा. मला ये-रिमचा हात दिसत होता. अंगठा वाकला. परत वाकला. मग वाकतच राहिला. ना-ग्योलनं दात आवळले आणि आणखी घट्ट धरलं. बांग मॅडम ओरडत होत्या, "अजून! अजून ताण!" लोक टाळ्या वाजवत होते. पाय नाकाला टेकला आणि गाण्यातूनही ऐकू आला तो आवाज. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून झटकावी तसा.

लोकांना वाटलं, तोही कसरतीचा भाग. टाळ्या दुप्पट झाल्या. ये-रिमची आई उभी राहून वाजवत होती.

मी किती लांब होते? चार पावलं असेन. गाणं फार मोठ्यानं होतं. माझं कोणाला ऐकू गेलं नसतं.

२३ जून

मांडीमागचा स्नायू बैठकीच्या हाडापासून सुटून आलाय. आज शस्त्रक्रिया झाली.

ना-ग्योल दुकानात आली. रडून तोंड सुजलेलं. बाही वर करून मनगट माझ्यासमोर काउंटरवर ठेवलं. नखांच्या खुणा. मी मोजल्या, अकरा. काही ठिकाणी रक्त साकळलेलं.

"ओन्नी, ती घाबरलीय असं मला वाटलं. तुम्ही म्हणाला होतात ना, घाबरते, घट्ट धर. मी धरलं. ती जेवढी टोचत गेली तेवढं मी घट्ट धरलं."

मी तिला बार्लीचा चहा दिला. म्हटलं, "झालं ते झालं. तुझी शक्तीच जास्त, त्याला तू काय करणार?"

तिनं कप दोन्ही हातांत धरला. चहा प्यायली नाही.

१ जुलै

ग्रुपवर सगळ्या ना-ग्योलवर तुटून पडल्यात. "वजन उचलणारीला माणूस आणि लोखंड यातला फरक कळेल का?" "हिला कोणी आत घेतलं?" बांग मॅडमनी लिहिलं की शिकवण्यात काही कमी पडलं नव्हतं. ग्योंग-राननं जीव ओतला होता. त्यावर सगळ्यांनी मला हृदयं पाठवली. इतकी हृदयं मला तीन वर्षांत मिळाली नव्हती.

ना-ग्योल ग्रुपमधून निघून गेली. मी काही लिहिलं नाही. कोणाच्या भांडणात पडायचा माझा स्वभाव नाही.

९ ऑगस्ट

रोज दुकान बंद केलं की ये-रिमकडे. तिच्या आईचे गुडघे गेलेत, वाकता येत नाही. हाडांचं सूप मी नेते. पायाचा पट्टा मी सोडते, मी बांधते. केस धुऊन देते. ती आता व्हिडिओ टाकत नाही. कुबड्या घेऊन न्हाणीपर्यंत जायचं तर मला हाक मारते. "ओन्नी." दिवसातून वीसदा. "ओन्नी, उशी." "ओन्नी, जाऊ नकोस ना एवढ्यात."

हे लिहू नये, पण लिहिते. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, खांदा अपेक्षेपेक्षा लवकर भरून येतोय.

१६ सप्टेंबर

ये-रिमनं विचारलं, "ना-ग्योलची काही खबर?"

"कशाला हवी तुला तिची खबर? तुझं आयुष्य नासवलं तिनं."

तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "मी तिला किती वेळा टोचलं माहितेय? मला आठवत नाही. खूप वेळा."

"विसर आता," मी म्हटलं आणि नासपती कापून दिली.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

आता पाय हळूहळू ताणायला परवानगी मिळालीय. फिजिओथेरपीवाल्यानं मला दाखवून दिलं. तिनं पाठीवर झोपायचं, मी टाच धरून पाय सरळ वर न्यायचा, ती म्हणेल तिथं थांबायचं. बस. जो पाय नाकाला लागायचा तो आज कमरेच्या वर जाता जाता कापायला लागतो.

ती सतरंजीवर, मी गुडघ्यांवर. खोली शांत. आई बाजारात गेलेली. मी टाच धरली. तिनं हात लांबवून माझं मनगट धरलं. किती महिन्यांनी.

पाय थोडा वर गेला. ताण आलाच नव्हता, माझ्या हाताला कळतं ते. आणि तिनं अंगठ्याचं नख माझ्या मनगटात रुतवलं. एकदा. दोनदा.

माझे हात सुटले. तिथल्या तिथं. टाच अलगद खाली ठेवली.

ती माझ्याकडे बघत होती. कपाळावर आठी नाही, काही नाही. दुखत नव्हतंच तिला.

"आठवते की तुला," ती म्हणाली.

मी म्हटलं, "काय?"

"ना-ग्योल आली होती रविवारी. मी तिला विचारलं, खूण कळली नाही का तुला? तर म्हणाली, कसली खूण?" तिनं माझं मनगट सोडलं नव्हतं. "मग म्हणाली, मे महिन्यात तिनं तुला विचारलं होतं, नख टोचतेय म्हणून. मी म्हटलं, ओन्नी विसरली असेल. वय झालंय तिचं. तीन वर्षं माझ्यासाठी राबली, ती असं करणार नाही. आईशी भांडले मी यावरून."

मी म्हटलं, मी विसरलेच होते. म्हटलं, हाताला सवय असते, हात आपोआप सुटतो, डोक्याचा त्यात काय संबंध? म्हटलं, तू मला खुंटी म्हणालीस. हे शेवटचं का म्हटलं ते कळत नाही. तोंडून गेलं.

"म्हणाले असेन," ती म्हणाली. मग मनगट सोडलं आणि कूस बदलली. "दार ओढून घ्या जाताना, मालकीणबाई."

मी बाहेर आले. बुटाच्या नाड्या बांधायला फार वेळ लागला.

२६ ऑक्टोबर

पाच दिवस झाले. ती फोन उचलत नाही. सूप दाराशी ठेवून आले होते, ते तिथंच आंबलं.

आपोआप सुटला हात, त्याला मी काय करू? तीन वर्षं मी तिला एकदाही टाकलं नाही. फाटलेल्या खांद्यानं उतरवलं. हे कोणी का सांगत नाही?

मागची पानं वाचली. एप्रिलच्या यादीत खूण नाही. आधी वाटलं, शाई पुसली गेली असेल. उजेडात धरून पाहिलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

थंडी पडली. सकाळी दुकान उघडलं तर दाराशी ना-ग्योल उभी. वाकून नमस्कार केला नाही. काउंटरवर ये-रिमची पावती ठेवली. "कोट."

मी पहिल्या आकड्यावरून काढला. पुन्हा एकदा वाफ मारून देते म्हटलं, तर म्हणाली, नको. प्लास्टिक चढवून देताना माझं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं. खुणा गेल्यात. फक्त एक, अंगठ्याच्या बाजूला, पांढरी राहिलीय.

"कशी आहे ती?" मी विचारलं.

"आता पाय मी ताणते," ना-ग्योल म्हणाली. "पहिल्या दिवशीच तिनं खूण शिकवली. दोन मिनिटं लागली." आणि कोट घेऊन गेली.

दुपारी डॉक्टरकडे शेवटची खेप होती. त्यानं माझा हात वर केला, मागे नेला, जोर लावून खाली दाबून पाहिला. फार खूष झाला. म्हणाला, खांदा अगदी पहिल्यासारखा झालाय, आता बिनधास्त पोलवर चढा. कोणालाही उचला, काही हरकत नाही.